बिनतळाचं रान

चारुलता वारके यांच्या रानात पाणी थांबत नसे. खडकाणे गावात सगळ्यांच्याच रानांची तीच गत असल्यामुळे कुणाला त्याचं नवल नव्हतं. सातपुड्यातून हरणाई नदी जिथे सपाटीवर उतरते, अगदी तिथेच हे गाव. मोटार सुरू केली की पाइपातून पाणी धो धो पडायचं आणि पडल्या जागी गडप व्हायचं. वाफा भरलाय, पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचंय, असा प्रसंग चारुलतावर लग्न होऊन आल्यापासून कधी आलाच नव्हता. हरणाईचीही तीच तऱ्हा. डोंगरातून खळाळत यायची आणि खडकाण्याची वेस ओलांडेपर्यंत गोट्यांत मुरून कोरडीठाक व्हायची.

तरी चारुलता आणि तिचा नवरा किशोर सुखात होते. पावसाच्या भरवशावर तूर, तीळ, थोडी ज्वारी, बांधावर शेवगा. किशोर गावच्या शाळेची विजेवर चालणारी गाडी चालवायचा. एकुलती एक लेक गार्गी शिकली आणि सांगवदच्या फेगड्यांच्या घरात पडली. सांगवद म्हणजे अर्ध्या तासाच्या वाटेवर, खालच्या अंगाला, काळ्याभोर गाळाच्या जमिनीवर वसलेलं गाव. तिथे तीन पिढ्यांपासून केळी. उन्हाळ्यातही सांगवदला शिरलं की अंगावर गार झुळूक यायची.

गार्गीच्या सासूबाई, प्रमिलाबाई फेगडे, ठरलेल्या लग्नाची बोलणी करायला खडकाण्याला आल्या तेव्हा रान पाहायला म्हणून बांधावर गेल्या. पायाखाली गोटेच गोटे. त्या हसून म्हणाल्या, "विहीणबाई, पेरता काय हो इथं? गोटेच पेरता का?"

बोलण्यात खोट नव्हती. प्रमिलाबाईंचा स्वभावच तोंडाने फटकळ आणि मनाने मोकळा. पण चारुलताच्या काळजात ते वाक्य जे रुतलं ते रुतलंच. पुढे सणावाराला सांगवदला गेली, की निघताना प्रमिलाबाई गाडीत केळ्यांच्या फण्या भरून द्यायच्या, आणि चारुलताला वाटायचं, आपण इथून नेहमी घेऊनच जायचं. द्यायला आपल्याकडे काही नाही.

ही स्थिती बदलली ती २०४३च्या हिवाळ्यात. बदलणारी होती अस्मा तडवी.

अस्मा वरच्या पाड्यावरची. लहानपणी दप्तर घेऊन चारुलताच्या बांधावरूनच शाळेत जायची, येता-जाता शेवग्याच्या सावलीत पाणी प्यायची. आता ती मातीची शास्त्रज्ञ होऊन एका संशोधन केंद्राची गाडी घेऊन आली होती. तिने चारुलताच्या रानात यंत्राने एक खोल चर खणला, दोन पुरुष एकावर एक उभे राहिले तरी डोकं वर येणार नाही इतका. मग शिडी लावून म्हणाली, "उतरा काकू. तुमच्या रानाचं पोट बघा."

चारुलता पदर खोचून उतरली. चराची भिंत म्हणजे नुसता गोट्यांचा ढीग, मध्ये मध्ये वाळू आणि लालसर माती.

"हे सगळं हरणाईनं आणलंय," अस्मा सांगू लागली. "डोंगरात नदीला उतार असतो, म्हणून ती मोठमोठे धोंडेसुद्धा लोटत आणते. सपाटीवर आली की तिचा दम सरतो. मग ओझं टाकत जाते. आधी मोठे गोटे, पुढे खडी, मग वाळू, आणि सगळ्यात शेवटी, खाली सांगवदला, बारीक गाळ. एके ठिकाणी ओझं साठलं की ती बाजूला सरकते आणि तिथं टाकते. हजारो वर्षं अशी डावीउजवीकडे सरकत तिनं हातपंख्यासारखा पसारा मांडलाय. तुमचं रान त्या पंख्याच्या मुठीशी आहे. पुढं कधीतरी नदीनं आपणच टाकलेलं कापून पात्र खाली नेलं, आणि जुना भाग पायरीसारखा वर राहिला. त्या पायरीवर तुम्ही तूर पेरता."

मग तिने भिंतीतून एक गोटा ओढून काढला आणि उलटा केला. वरची बाजू काळी, खालची मात्र पांढरीफेक, चुन्याचा हात दिल्यासारखी.

"अगं बाई! खालूनच कसा काय पांढरा?"

"पावसाचं पाणी मातीत शिरतं, तेव्हा मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. आंबट पाणी वरच्या थरातला चुना विरघळवून खाली नेतं. गोट्याच्या पोटाशी थेंब लटकतो, सुकतो, आणि चुना तिथंच राहतो. युगानुयुगं असे थेंब सुकलेत. तुमच्या जमिनीत चुना भरपूर आहे, काकू. म्हणूनच कधी केळी लावलीत तर पानं पिवळी पडतील. या चुन्यापायी मुळांना लोह मिळत नाही."

"म्हणजे पाणी थांबत नाही आणि चुना सोडत नाही," चारुलता म्हणाली. "दोन्हीकडून गोची."

"हो. पण मी त्या दोघांचं एकमेकांशी लग्न लावायला आलेय."

तिची युक्ती अशी होती. मातीत असे जंतू असतात की जे साखरेवर जगून सौम्य आम्ल तयार करतात. दुसरे असेही असतात, जे युरिया खातात आणि आजूबाजूचा विरघळलेला चुना पुन्हा घट्ट करतात, इतका की वाळूचे कण सिमेंटसारखे जोडले जातात. अस्मा आणि तिच्या सहकाऱ्यांनी दोन्ही जातींतले निवडक जंतू एकत्र नांदवले होते. पोकळ सळयांनी वरच्या थरात पहिले सोडायचे, उसाच्या मळीचं गोड पाणी पाजायचं. त्यांनी सोडवलेला चुना पाण्यासोबत खाली उतरला की दोन पुरुष खोलीवर दुसऱ्यांनी तो धरायचा आणि गोट्यांच्या फटी बुजवायच्या. वरची माती चुन्यातून मोकळी होणार, आणि खाली तिच्याच चुन्याचा एक भक्कम तळ तयार होणार. निसर्गालाही असा थर करता येतो, फक्त त्याला हजारो वर्षं लागतात. हे जंतू एका हिवाळ्यात करतात.

"म्हणजे माझं रान परातीसारखं होईल?" चारुलताने विचारलं.

"काठ थोडे उचललेली परात. बरोबर."

किशोरने रात्रभर विचार करतो म्हणून सांगितलं आणि चारुलताने तिथल्या तिथे होकार दिला.

*

पुढच्या वर्षी खडकाण्यात पहिल्यांदा केळीचा बाग उभा राहिला.

सुरुवातीला गावातले लोक नुसतं पाणी पाहायला यायचे. ठिबकाच्या नळीखाली माती ओली व्हायची आणि दुसऱ्या दिवशीही ओलीच असायची. म्हातारी माणसं बोट खुपसून बघायची आणि बोट कपाळाला लावायची. बाग निसवला, खोडाखोडातून केळफुलांची लालबुंद कमळं बाहेर पडली, तेव्हा चारुलता रोज सकाळी चहाचा कप घेऊन बागेत जाऊन बसू लागली. काम काही नसायचं. पानांची सळसळ ऐकत बसायचं. आपल्या रानाला सावली आहे, या गोष्टीची सवय व्हायला तिला पूर्ण हंगाम लागला.

पहिला घड उतरवला तो तिने गाडीत घालून सांगवदला नेला आणि प्रमिलाबाईंच्या ओसरीवर ठेवला. प्रमिलाबाईंनी घड दोन्ही हातांनी उचलून पाहिला, एक केळं सोलून खाल्लं. आणखी एक खाल्लं.

"गोडी आमच्यापेक्षा जास्त हाये," त्या सरळ म्हणाल्या. "मले वाटलं नव्हतं हो, विहीणबाई. खरंच वाटलं नव्हतं."

परत येताना गाडीत चारुलता एकटीच हसत होती. किशोरने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. गाडी चालवा."

बघता बघता खडकाण्याच्या घराघरांत तळाचीच भाषा सुरू झाली. 'तळ घातला का?' हा रामरामानंतरचा पहिला प्रश्न. शेजारच्या तीन गावांनी तळ घातले. आणि दोन-तीन वर्षांनी आणखी एक आक्रीत घडलं. हरणाई गावापुढेही वाहू लागली. जी नदी कधी वेस ओलांडत नसे, ती दिवाळीपर्यंत, मग संक्रांतीपर्यंत वाहती राहू लागली. पोरं डुंबू लागली, काठावर बगळे दिसू लागले. गावाने काठावर फरसबंद घाट बांधायला घेतला. तळामुळे जमीन तृप्त झाली म्हणून नदीला पाणी सुटलं, असंच सगळे म्हणू लागले. अस्मा तोवर दुसऱ्या जिल्ह्यात काम करत होती. तिने फोनवर नदीची चित्रफीत पाहिली, आणि तिला आनंद होण्याऐवजी ती गप्प झाली हे चारुलताच्या लक्षात आलं. पण त्या दिवशी बागेत भरीत-पुरीचा बेत होता. वांगी भाजली जात होती, पाहुणे जमले होते. विचारायचं राहून गेलं.

*

गार्गी माहेरी आली होती. तशी ती महिन्या-दीड महिन्याने यायचीच, पण या खेपेला तिने आल्या आल्या दोन मोठ्या पिशव्या भरून चादरी न्हाणीघरात नेल्या आणि धुवायला टाकल्या.

"सांगवदला मशीन बिघडलं का?" चारुलताने विचारलं.

"नाही गं. आणल्या सहज."

"सासरच्या चादरी सहज माहेरी आणून धुतात का कोणी? खरं सांग मले."

गार्गीने नळ बंद केला. मग म्हणाली, "मम्मींनी तुला सांगायचं नाही म्हणून बजावलंय. आमच्या दोन्ही बोअर बंद पडल्या. विहिरीला पाणी तळाशी गेलंय. सगळ्या सांगवदचीच तशी गत आहे. निम्मा बाग काढायला घेतलाय आम्ही."

"बाग काढायला? निसवलेला?"

"हो."

"आणि मले सांगायचं नाही? कायले?"

"मम्मी म्हणाल्या, विहीणबाईंचं आत्ता कुठं चांगलं चाललंय. त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

चारुलताने चादरी तशाच सोडल्या, गार्गीला बरोबर घेतलं आणि किशोरला गाडी काढायला लावली.

सांगवदला पोचली तेव्हा प्रमिलाबाई बागेतच होत्या. घड अर्धवट भरलेली झाडं विळ्याने आडवी होत होती आणि त्या एका खोडावर बसून होत्या. चारुलताला बघून त्या उठल्या, पदर सारखा केला, गार्गीकडे एक कटाक्ष टाकला आणि म्हणाल्या, "या विहीणबाई. चहा घेणार ना?"

"चहा नंतर. हे काय चाललंय?"

"बाग जुना झाला होता. नवा लावू म्हटलं."

"निसवलेला बाग जुना? मी आता केळीवाली आहे, प्रमिलाबाई. मले फसवू नका."

प्रमिलाबाई पुन्हा खोडावर बसल्या. चारुलता त्यांच्याशेजारी बसली. ओळीने पडलेली खोडं, त्यांतून झिरपणारं पाणी, मातीत माखलेली कमळं. आपला बाग नसता, तर हे बघायला इतकं जड गेलं नसतं, असं चारुलताला वाटलं. आता प्रत्येक खोड काय असतं हे तिला माहीत होतं.

"तुमच्या वरच्या अंगाला नदी वाहते म्हणतात," प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या. "मी ऐकलं तेव्हा मले बरंच वाटलं. पण मग मनात आलं, नदी वाहू लागली तेव्हापासूनच आमची विहीर खाली चाललीये. मी कोणाले बोलले नाही. तुमाले तर मुळीच नाही. लोक म्हणतील, विहिणीचं चांगलं झालेलं हिले बघवत नाही."

चारुलताने तिथूनच अस्माला फोन लावला.

*

अस्मा दुसऱ्याच दिवशी आली. खडकाण्यापासून सांगवदपर्यंत तिने ठिकठिकाणी काचेची एक बारीक तार जमिनीत पुरली. मातीतून पाण्याचा थेंब जरी सरकला तरी ती तार सूक्ष्मशी थरथरते, आणि ती थरथर यंत्र आवाजात बदलून देतं. तिघी जणी चारुलताच्या ओसरीवर यंत्राभोवती बसल्या, अस्मा, चारुलता आणि मुद्दाम वर आलेल्या प्रमिलाबाई.

"आधी हे ऐका. तळ घालायच्या आधी, चार ठिकाणी मी घेतलं होतं." यंत्रातून झरझर, झरझर असा आवाज आला. जणू सुपातून धान्य ओतावं. "हे हरणाईचं पाणी गोट्यांतून खाली उतरतंय. आता आजचं ऐका."

काहीच आलं नाही. कुठेतरी लांब एखादा टिपका पडावा तेवढाच आवाज.

"तळ रानाखाली घातला होता," अस्मा म्हणाली, "पण तो रानाखाली थांबला नाही. या जमिनीत चुना सगळीकडेच आहे, आणि केळीसाठी प्रत्येक जण ठिबकातून युरिया देतो. म्हणजे जंतूंना घर आणि जेवण दोन्ही मिळालं. पाण्याच्या ओलीनं ते सरकत सरकत नदीखाली गेले. पंख्याच्या मुठीशी गोट्यांतून जे पाणी खाली मुरायचं, तेच जमिनीखालून सांगवदला पोचायचं. ती वाट बंद झाली. म्हणून नदी वर दिसायला लागली. नदीची चित्रफीत पाहून मला खटकलं होतं; तेव्हाच येऊन तपासायला हवं होतं."

कुणीच तिला दोष दिला नाही. प्रमिलाबाईंनी फक्त विचारलं, "आता उपाय काय?"

"दोन गोष्टी. एक, वरच्या चारही गावांनी एक हंगाम युरिया बंद ठेवायचा, शेणखत, पेंड वापरायची. उपाशी राहिले की जंतूंचं पसरणं थांबेल. ते लोक करतील, माझी बोलणी झालीत. दुसरं, पाण्याला खाली जायला कुठंतरी एक मोठी खिडकी पाहिजे. नुसतं भोक पाडलं तर हे जंतू तेही बुजवतील. तिथला तळच सोडवायला हवा. खिडकी कुठंही चालत नाही. हरणाईची एक फार जुनी धार गाडली गेलीय, निव्वळ मोठ्या गोट्यांची. ती थेट सांगवदखाली जाते. नदीजवळ ती धार एकाच रानाखालून जाते."

चारुलता काय ते समजली. तरी विचारलं, "माझ्या?"

"तुमच्या. आणि खिडकी एकदा उघडली की तिथं पाणी टिकणार नाही. नदीचा फाटा तुमच्या रानातच वळवावा लागेल. बाग जाईल, काकू."

चारुलता काही बोलायच्या आतच प्रमिलाबाई उठल्या. "नको. दुसरं काहीतरी काढ, अस्मा. यांचा बाग मोडून आलेलं पाणी मले नको."

"तुम्ही बसा हो."

"मी नाही बसणार. आयुष्यभर गोट्यांत तूर काढली या बाईनं. आता चार घड हाताला लागले, तर ते मी ओरबाडू? गार्गीले काय तोंड दाखवू?"

"तुमचं पाणी मी अडवलंय, प्रमिलाबाई."

"मुद्दाम अडवलं का?"

"नाही. पण आता माहीत झाल्यावर ठेवलं, तर ते मुद्दामच झालं की."

दोघी विहिणी आयुष्यात पहिल्यांदाच कडाक्याने भांडल्या. एक म्हणे घ्या, दुसरी म्हणे नको. अस्माने यंत्र मिटवलं. शेवटी प्रमिलाबाई चहाही न घेता निघून गेल्या.

पुढचे काही दिवस चारुलता बागेत जायची, बसायची. मनाशी प्रामाणिक राहायचं तर तिला राग आला होता. चार गावांनी तळ घातले आणि मोडायचा मात्र एकटीने. गावातले काही जण येऊन सांगूनही गेले, की वहिनी, हो म्हणू नका, नदीचा घाट अर्धा झालाय, नदी पुन्हा आटली तर काय शोभा राहील. एका संध्याकाळी तिने किशोरला विचारलं.

"तुम्हाले काय वाटतं?"

"चारू, मले तर बाग आवडतो," तो म्हणाला. "पण तुझ्या चेहऱ्यावर पूर्वीसारखं राहिलं नाही ते. सांगवदहून आलीस तेव्हापासून बागेत बसतेस ती कोणाच्या तरी घरात न विचारता बसल्यासारखी."

तिने खूप वेळ विचार केला. बाग तिला हवा होता, हे खरं. पण त्या हवेपणातला किती वाटा केळ्यांचा आणि किती प्रमिलाबाईंना दाखवण्याचा? दाखवून झालं होतं. त्यांनी सरळ मनाने ते कबूलही केलं होतं. त्या दिवशी केळं खाताना त्यांच्या चेहऱ्यावर असूयेचा लवलेश नव्हता. आणि विहीर आटत गेली तशी ती बाई तोंड मिटून बसली, फक्त आपला घास कडू होऊ नये म्हणून. इतकं तर सख्ख्या बहिणीनेही केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने अस्माला होकार कळवून टाकला आणि मग प्रमिलाबाईंना फोन केला. "मी भांडायला फोन केला नाही. बाग मी मोडणारच आहे. तुमची कापलेली खोडं अजून पडलीयेत का रानात? अस्माला ती पाहिजेत. सगळी."

"खोडं? कायले?"

"सिरका करायला."

*

तळ सोडवायची ही रीत अस्माने काढली होती. केळीच्या खोडात साखर असते, पाणी असतं. ती ठेचून, मुरवून आंबवली की सिरका होतो. चुन्यावर सिरका पडला की चुना फसफसून विरघळतो. सगळे गोटे विरघळवायचे नव्हते; त्यांना धरून ठेवणारे सांधे तेवढे सुटले की पुरे होतं. शिवाय आंबट झालेल्या मातीत तळ घालणारे जंतू गप्प बसतात, उघडलेली फट पुन्हा बुजवत नाहीत.

सांगवदहून ट्रॅक्टर भरभरून खोडं वर आली. ज्या बागेवर पाण्यावाचून विळा चालला होता, त्याच्याच खोडांचे भलेमोठे हौद चारुलताच्या रानात आंबू लागले. दोन्ही गावांना आंबूस वासाने शिंका यायच्या. सांगवदची माणसं खोडं ठेचायला वर येत आणि जेवणवेळी खडकाण्याच्या घरी जेवत. घाटाची शोभा जाणार म्हणून कुरकुरणारेही एकदोन दिवसांनी बाह्या सरसावून आले. प्रमिलाबाई स्वतः कंबर कसून हौद ढवळायला उभ्या राहिल्या. चारुलताने बागेतले शेवटचे घड उतरवले आणि झाडं आडवी केली तेव्हा तिला रडू येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. रडल्या प्रमिलाबाई, आणि तिने त्यांना पाणी दिलं.

सिरका सळयांतून खाली सोडला त्या दिवशी दोघीही जमिनीला कान लावून उकिडव्या बसल्या. यंत्राची गरजच पडली नाही. पायांखालून दबलेली फसफस ऐकू येत होती, सोड्याची बाटली फोडल्यासारखी. तासन्‌तास ती चालू राहिली. प्रमिलाबाई हसू लागल्या. "रान ढेकर देतंय, विहीणबाई!"

"इतका सिरका पाजलाय, देईल नाही तर काय!"

श्रावणात हरणाईला पूर आला तेव्हा फाट्याचं दार उघडलं. तांबूस पाणी भरारत चारुलताच्या रानात शिरलं, वेगाने पुढे सरकलं, मधल्या खोलगट भागात गोल फिरलं आणि बघता बघता नाहीसं झालं. मागून येत राहिलं, जात राहिलं. रानात गुडघाभरही साठलं नाही. बांधावर उभी असलेली माणसं एकदम ओरडली, टाळ्या वाजल्या. अस्मा मात्र घड्याळात न बघता, यंत्रात न बघता, नुसती पाण्याकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

सांगवदच्या विहिरींना पाणी चढायला त्यानंतर एक हिवाळा आणि एक पावसाळा जावा लागला. वाटेत एवढा गोटा, एवढी वाळू. पण चढलं. प्रमिलाबाईंनी पुन्हा केळी लावली. वरच्या गावांचे बाकीचे तळ जिथल्या तिथे राहिले, त्यांचे बागही राहिले. नव्या तळाला परवानगी देताना आता आधी खिडकी कुठे ठेवणार ते विचारतात. चारुलताच्या रानात खिडकीच्या भोवतीने अंजिराची झाडं आहेत. अंजिराला चुना मानवतो, पाय ओले राहिलेले मानवत नाहीत, तेव्हा त्याच्यासाठी याहून बरी जागा शोधून सापडली नसती. ते सुचवलं गार्गीने, आणि रोपं लावली किशोरने, शाळेला सुटी असताना.

पूर यायचा म्हटलं की आता बाहेरगावाहून लोक येतात. जमीन पाणी कशी पिते ते बघायचं असतं त्यांना. कॉलेजची मुलं येतात, शेतकरी येतात. अशा दिवशी चारुलता बांधावर अंजिराची टोपली घेऊन बसते. माहिती सांगायचं काम तिच्याकडे नाही. ते प्रमिलाबाईंनी आपणहून घेतलंय. पूर आल्याचं कळलं की त्या सांगवदहून पहिली गाडी पकडतात.

परवाही तसंच झालं. पन्नासेक माणसं उभी होती. प्रमिलाबाई हात उंच करून सांगत होत्या, "हे इथून जातं ना, ते आमच्या विहिरीत निघतं. अर्ध्या तालुक्याले हे रान पाणी पाजतं. असं रान पंचक्रोशीत नाही. आमच्या विहीणबाईंचं आहे हे!"

गार्गी आईजवळ येऊन बसली आणि टोपलीतलं एक अंजीर उचलत म्हणाली, "आई, अर्धा तालुका कुठला गं? मम्मी दर वर्षी वाढवून सांगतात. मागच्या वर्षी चार गावं म्हणत होत्या."

चारुलताने बांधावरची माणसं पाहिली, तावातावाने हातवारे करणाऱ्या प्रमिलाबाई पाहिल्या, आणि टोपली लेकीकडे सरकवली.

"सांगू दे तिले," ती म्हणाली. "तिचंही रान आहे ते."